ओट्याची उंची

आमच्या स्वयंपाकघराचं काम काढलं ते माझ्यासाठी. हे मी त्या दीड महिन्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी घरी कोणी आलं की मीच उठून आत जाऊन बसायचे. सोसायटीचे सेक्रेटरी, शेजारच्या वहिनी, फोनवरची नणंद, सगळ्यांना आमचे हे एकच वाक्य सांगत होते, "हिच्या पाठीसाठी चाललंय सगळं." माझी पाठ म्हणजे जणू कोणी बडी पाहुणी, आणि तिच्या स्वागतासाठी घरात एवढा राडारोडा पडलेला.

पाठीची गोष्ट तशी साधी आहे. मी पाच फूट सात इंच उंच. सासूबाई चार फूट नऊ. धायरीतला हा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसाने विचारलं, ओटा केवढा उंच करायचा. सासूबाईंना भिंतीशी उभं केलं, त्यांच्या कोपरापासून माप घेतलं आणि तीस इंचांवर काळा कडप्पा बसला. मी तेव्हा अगदी हळू आवाजात सुचवलं होतं की थोडा उंच ठेवू आणि सासूबाईंना पायाखाली एक पाट देऊ. त्यावर ह्यांनी मला विचारलं, "आईला या वयात पाटावर उभं करायचं?" बुटक्या बाईला पाट देता येतो, उंच बाईला खड्डा कोण खणून देणार, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाच आला होता. विचारला मात्र नाही. घरात नवी होते, आणि उंच असणं हा त्या घरात आधीच माझा थोडासा अपराध होता.

तेव्हापासून मी वाकून स्वयंपाक करत आले. भांडी विसळताना, तांदूळ धुताना ओट्याच्या कडेवरून पाणी ओघळतं आणि कपड्यावर एक ओला पट्टा उमटतो, हे ज्यांनी स्वयंपाकघरात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. सासूबाईंच्या साडीवर तो पट्टा ओटीपोटावर यायचा. माझ्या गाऊनवर तो मांड्यांवर यायचा. एकाच ओट्याशी काम करणाऱ्या आम्ही दोघी, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे नुसतं बघून कोणता कोणाचा ते कळायचं. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या साड्या वाटून टाकल्या, त्यांचा पलंग काढला, त्यांची औषधांची पेटीसुद्धा गेली. ओटा तेवढा त्यांच्याच मापाचा राहिला.

गेल्या वर्षी कंबर धरली ती सुटेचना. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर एवढं वाकून करता तरी काय? मी सांगितलं, स्वयंपाक. ते हसले. मग वाकणं बंद करा म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आमचे हे भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजण्यात आणि नापास करण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा माझी पाठ त्यांच्या मदतीला आली. त्यांनी वही केली, मिस्त्री शोधला, ग्रॅनाइटचे तुकडे आणून गॅलरीत उन्हात ठेवून पाहिले. ओटा उंच करायचा, हे पहिल्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलं होतं. ते मी स्वतः पाहिलं आहे, आणि पाहून मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करते.

तोडफोड सुरू झाली त्याच दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, "दुपारी एक ते चार हातोडा बंद ठेवावा. इमारतीत इतर लोकही राहतात, याची संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित म्हणजे आम्ही. भांडीवाल्या बाई दारातून आत डोकावल्या, बाथरूममध्ये बसून भांडी घासायची हे ऐकलं आणि "किचन झालं की सांगा" म्हणून गेल्या त्या गेल्या.

मला वाटलं होतं, निदान काम चालू आहे तोवर डबा लावू. पोळी-भाजी केंद्रं आता गल्लोगल्ली आहेत. दोन दिवस डबा आला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी त्यातली पोळी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली, दुमडून पाहिली आणि ताटात ठेवून दिली. आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते. सासूबाईंनी मुलाला तशी सवय लावली आणि ती सवय नीट चालू स्थितीत माझ्या हवाली केली. हे जेवायला बसले की मी लाटायला घेते. एक संपत आली की बाहेरून "पोळी" एवढा एकच शब्द येतो. माझं जेवण नंतर, ओट्यापाशीच, उरलेल्या उबेवर.

तर माझ्या पाठीसाठी स्वयंपाकघर फोडलं होतं, आणि स्वयंपाक मला चुकला नव्हता. आमच्या मुलीचं शाळेच्या दिवसांतलं अभ्यासाचं टेबल माळ्यावर होतं, ते उतरवून हॉलमध्ये खिडकीशी लावलं. त्यावर दोन बर्नरची शेगडी, खाली सिलेंडर. मिस्त्री लातूरकडचा होता, तिशी-पस्तिशीचा, कमी बोलणारा. धूळ आणि पाणी लाकडाला लागू नये म्हणून त्याने आपणहून टेबलाच्या चारी पायांखाली एकेक वीट सरकवली आणि हलवून पाहिलं, डुगडुगतंय का.

त्या हॉलमधल्या स्वयंपाकाची आठवण काढायची तर पहिल्यांदा दातांखाली येते ती कचकच. पीठ डब्यात, डबा पिशवीत, पिशवी कपाटात, तरी सिमेंट आत पोचायचंच. आमटी गाळून घ्यावी लागायची. खिडकीशी प्लगचा एकच पॉइंट होता, त्यावर टीव्ही आणि मिक्सर दोन्ही. ह्यांच्या बातम्या चालू असल्या की चटणी थांबायची, आणि जाहिराती लागल्या की हे स्वतः उठून टीव्हीचा प्लग काढून मला खुणेने सांगायचे, आता वाट. फोडणी दिली की खोकला. पडद्यांना आठवडाभरात लसणाचा वास बसला आणि त्याबद्दल मला रोज, अगदी सौम्य शब्दांत, सांगितलं जाई. भांडी घासायला बाथरूममध्ये पाटावर बसून, गुडघ्यांत टप घेऊन. ह्यांची खुर्ची टेबलापासून दोन हातांवर होती, त्यामुळे "पोळी" हा शब्दही आता उच्चारावा लागत नव्हता. नुसती मान वर केली की पुरे.

आणि या सगळ्यात पाचव्या की सहाव्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पोळ्या आटोपल्यावर मी दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे रेलते, चार-पाच वेळा, कळ सोडवायला. त्या दिवशी सवयीने हात कमरेवर गेले आणि कळ नव्हतीच. मी पुन्हा रेलून पाहिलं. नव्हती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं, तर मी सरळ उभी राहून लाटत होते. खांदे वर नव्हते, मान खाली नव्हती. या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा सरळ उभी राहून स्वयंपाक करत होते, आणि तोही एका पोरीच्या अभ्यासाच्या टेबलावर, विटांमुळे.

ह्यांची मोजपट्टी घेऊन मापलं. टेबल तीस इंच, वीट तीन इंच. तेहेतीस.

मी ह्यांना सांगितलं. ते खूश झाले, अगदी मनापासून. स्वतः उठून त्यांनी पुन्हा मोजलं, मला टेबलाशी उभं करून कोपर पाहिलं. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. तिथे तेव्हा नुसत्या उघड्या भिंती आणि खाली जुनी फरशी होती. जमिनीपासून तेहेतीस इंचांवर मी पेन्सिलीने खूण केली, ह्यांनी सपाटी बघायची लेव्हलची बाटली धरली आणि मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. त्यांनी तिच्यावर बाण काढून आपल्या कारखान्यातल्या अक्षरात लिहिलं, "ओटा येथपर्यंत." परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दोघांनी मिळून एक सरळ रेघ ओढल्याची ही एकच वेळ. ती मला आवडली होती म्हणून पुढचं सगळं जास्त झोंबतं.

त्याच रविवारी विश्रांतवाडीहून नणंद आल्या. ह्यांच्याहून मोठ्या. हे चारचौघांत वास्तुशास्त्राची यथेच्छ टिंगल करतात, पण बहिणीसमोर नाही. वन्संनी मोकळ्या खोलीच्या मधोमध उभं राहून मोबाइलवर दिशा पाहिल्या आणि सांगितलं की शेगडीला लागून सिंक होतं, आग आणि पाणी शेजारी, सिंक ईशान्येला हवं. मी म्हटलं, सांडपाण्याचा पाइप या बाजूला आहे, सिंक तिकडे नेलं तर पाइप सगळ्या खोलीतून आणावा लागेल. मिस्त्रीनेही तेच सांगितलं. वन्संनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं.

"तुझ्या पाठीसाठी करताय ना हे? अगं, पाठदुखी त्या सिंकमुळेच आहे."

सिंक ईशान्येला गेलं. खालच्या मजल्यावाल्यांच्या छताला हात लावता येत नव्हता, म्हणून पाइप आमच्याच जुन्या फरशीवरून, उतार धरून न्यावा लागला. तो झाकायला सगळ्या स्वयंपाकघरात कोबा घातला आणि वर नवी फरशी. दाराशी एक पायरी झाली. मग दाराला प्लास्टिकचा पडदा लागला, आत पाणी मारणं सुरू झालं, आणि "ओलं आहे, पाय उमटतील" म्हणून मला आत जायची बंदी. मी हॉलमधून त्या पडद्याकडे बघत पोळ्या लाटत होते. पायरी मला दिसत होती. त्या पायरीचा आणि भिंतीवरच्या रेघेचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. ह्यात माझीही चूक आहे, आणि ती मला आजवर कोणी विसरू दिलेली नाही.

काम संपलं. राडारोडा न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी कंबरेच्या व्यायामाला गेले होते. परत आले तर हॉल लख्ख, पडदे धुवायला गेलेले, आणि खिडकीशी टेबल नाही. हे म्हणाले, पायांना पाणी लागून फुगलं होतं, दिलं टेम्पोवाल्याला, आता काय करायचंय त्याचं? मला त्या वेळी विशेष काही वाटलं नाही. आत माझा तेहेतीस इंचांचा ओटा होता.

चांगला दिवस बघून नव्या शेगडीवर दूध उतू घातलं, शिऱ्याचा नैवेद्य दाखवला. वन्सं आल्या होत्या. ग्रॅनाइट, ट्रॉल्या, चिमणी, सगळ्यांचं कौतुक झालं. हे एकेक ट्रॉली बोटाने ढकलून दाखवत होते, कशी आवाज न करता मिटते. मी नव्या सिंकवर भातासाठी तांदूळ धुतले, हात पुसायला नॅपकिन घेतला आणि खाली पाहिलं. नव्या साडीवर ओला पट्टा आला होता. मांड्यांवर.

मी तशीच उभी राहिले. मग ट्रॉलीतून मोजपट्टी काढली. ह्यांनी तिला तिथे खास कप्पा करून घेतला होता. फरशीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या कडेपर्यंत तीस इंच. पट्टी वाकडी धरली असेन म्हणून पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या टोकाला मोजलं. तीस. बाहेर वन्सं शिऱ्यात बेदाणे कमी असल्याचं सांगत होत्या. मी बाहेर जाऊन सगळ्यांना शिरा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बँकेत गेले होते तेव्हा मिस्त्री ट्रॉलीची एक सरकपट्टी बदलायला आला. काम करता करता त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते, म्हणजे वाकलेली होते. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काकू, मी साहेबांना इचारलो होतो," तो म्हणाला. "फरशी तीन इंच वर आली, ओटा बी तेवढा वर घेऊ का म्हणून. साहेब म्हणाले, रेघ मॅडमनी आखलीय, तिला हात लावायचा नाही."

मी विचारलं, मला का नाही विचारलंत? तो कसनुसा झाला. पडद्यापलीकडेच होतात तुम्ही, म्हणाला, पण साहेब घरात असताना तुम्हाला कसं इचारायचं. त्याने पट्टी बसवली, ट्रॉली दोनदा मिटून पाहिली. निघताना पायरीवर जरा थांबला आणि म्हणाला, चूक झाली. त्या सगळ्या प्रकरणात हे दोन शब्द तो एकटाच बोलला.

दुपारी हे जेवायला बसले. मी तवा ठेवला, पहिली पोळी ताटात घातली आणि तिथेच उभी राहून सांगितलं की ओटा तीस इंच झालाय. त्यांनी विश्वास ठेवला नाही. घास ठेवून उठले, मोजपट्टी घेऊन आत गेले. आतून मोजपट्टी तीनदा ओढल्याचा आवाज आला. कारखान्यात चुकीचा माल सापडल्यावर ते असेच पुन्हा पुन्हा मोजत असणार. बाहेर आले ते हात धुऊन पुन्हा जेवायला बसले.

"रेघ तूच आखली होतीस," ते म्हणाले. मग पुढचा घास घेत म्हणाले की आता ग्रॅनाइट काढायचा म्हणजे खालच्या ट्रॉल्या, वरच्या टाइल्स, सगळंच फोडावं लागेल, ते काही शक्य नाही. आणि मग, माझी समजूत काढायच्या सुरात, "तुला सवय आहे ना या उंचीची."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला खरंच एक गोष्ट जाणून घ्यायची होती, म्हणून मी आवाज चढवला नाही. मिस्त्रीने विचारलं तेव्हा मी कुठे होते? हॉलमध्ये. टेबलापासून त्या दारापर्यंत सात पावलं आहेत, मी मोजली आहेत. सात पावलं येऊन मला का नाही विचारलंत?

त्यांना उत्तर शोधावं लागत नव्हतं. एवढी साधी गोष्ट मी विचारावी याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"तू पोळ्या लाटत होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, मध्येच कशाला थांबवायचं."

यात कुठेही दुष्टपणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्याच पाठीसाठी काढलेल्या कामात माझ्याच ओट्याची उंची ठरत होती, आणि मला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर एक पोळी तव्यावर करपली असती. एवढं बोलून त्यांनी मान वर केली. पोळी संपली होती.

मी आत गेले. उरलेल्या सगळ्या पोळ्या लाटल्या, भाजल्या, एकावर एक डब्यात ठेवल्या आणि डबा बंद करून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. मग माझं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले. ती खुर्ची माझी होती म्हणायला, पण ते जेवत असताना मी तिच्यावर कधी बसले नव्हते. बसून पाहिलं तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने मागे होतं.

"पोळ्या डब्यात आहेत," मी म्हटलं.

त्यांनी डबा उघडला, वरची पोळी बोटाने दाबून पाहिली आणि घेतली. तेव्हापासून असंच चाललं आहे. पोळ्या मी अकरा वाजताच करून ठेवते, वाकूनच करते, पाठ दुखते ती दुखतेच. नव्या पायरीला हे दिवसातून एकदा तरी ठेचकाळतात, आणि मी त्यांना लागलं का म्हणून विचारते. आल्यागेल्याला अजून ट्रॉल्या दाखवल्या जातात, आणि हिच्या पाठीसाठी केलं, हेही सांगितलं जातं. मी नाही म्हणत नाही.

पण एक ते दीड या वेळात मी त्यांच्या समोर बसलेली असते, हात मोकळे, गॅस बंद. कोणाला काही विचारायचं असेल तर मध्ये पोळी येत नाही. अजून कोणी काही विचारलेलं नाही.